हाताने काढलेला नकाशा

...नाही, मला एक सांगा, ज्या माणसानं आयर्लंडात, कॉर्क शहरात, एकतीस वर्षं दारोदार पत्रं वाटली, ज्याला नुसतं पाकिटावरचं गिचमिड अक्षर बघून कळायचं की हे तिसऱ्या मजल्यावरच्या बहिऱ्या आजीचं, त्या माणसाला काचेपलीकडून एक बाई गोड हसून म्हणते, "काका, तुमचा नकाशा चुकला"? मला? फिनबार ओ'लिअरीला? पोस्टमनला?

तुम्हाला सांगतो, अपमानाचं काही नाही, सतरा वर्षं थायलंडात राहिलेल्या फरांगाला, म्हणजे माझ्यासारख्या गोऱ्याला, अपमान वगैरे होत नाही, त्याचे फक्त कागद अपुरे असतात! दर वर्षी राहण्याचा परवाना वाढवायचा, त्याला फोटो, प्रत्येक कागदाच्या दोन-दोन प्रती, प्रत्येक प्रतीवर सही, सही निळ्या शाईची, काळी चालत नाही, का चालत नाही विचारायचं नाही... आणि शेवटी, तुमच्या घराचा नकाशा. हाताने काढलेला! अहो, फोनमध्ये अख्खं जग दिसतं हल्ली, माझ्या दारातलं कुत्रं आभाळातून दिसतं, पण नाही! "हाताने काढलेला, काका. घर सापडायला पाहिजे ना!"

आता इतकी वर्षं ही भानगड मला माहीतच नव्हती, कारण नकाशा प्रनोम काढायची. प्रनोम माझी बायको. परवाना मिळायचा तो तिचा नवरा म्हणून, त्यामुळे दर वर्षी ती स्वतः माझ्याबरोबर यायची, ठेवणीतला रेशमी ब्लाउज घालून, खिडकीशी बसून पाच मिनिटांत नकाशा काढून मोकळी व्हायची. मी? मी मागे उभा राहून रांगेतल्या जर्मनाशी भांडत असायचो.

फेब्रुवारीत प्रनोम गेली.

ती गेली आणि नवरा ह्या खात्यावरचा माझा मुक्काम संपला. कागदोपत्री संपला म्हणतो मी. आता मला म्हातारा ह्या खात्यावर अर्ज करायचा होता. आहे तसं खातं! पन्नाशी ओलांडली की मिळतं. म्हटलं, चला, म्हातारा तर म्हातारा, आपण काय कमी म्हातारे आहोत? मुदत शुक्रवारपर्यंत. शुक्रवारी शिक्का बसला नाही तर सामान बांधायचं आणि चालू पडायचं. कुठे? कॉर्कला माझं आता कोण आहे? माझी माणसं म्हणाल तर गावच्या देवळाच्या भिंतीत, डावीकडून चौथ्या कोनाड्यात, अस्थींच्या एका डबीत. मी गेलो तर तिथं फुलं कोण ठेवणार? तिची बहीण प्रानी ठेवील, पण झेंडू ठेवील! प्रनोमला झेंडू आवडायचा नाही, हे माझ्याशिवाय माहीत आहे का कुणाला?

तर सोमवारी मी नकाशा काढला. नकाशा म्हणजे काय, कलाकृती! पट्टी घेऊन, उत्तर दिशा वर, हमरस्त्याचा नंबर, फाट्यापासून किलोमीटर, दशांशासकट. वडापच्या गाडीत टोपल्यांमध्ये अंग चोरून तालुक्याला गेलो, अडीच तास नंबर लावला, आणि ओरवन मॅडम, ह्या त्या खिडकीच्या अधिकारी बाई, वर्दी कडक, आवाज लोण्यासारखा, त्या नकाशा आडवा धरतात, उभा धरतात...

"काका, ह्यात झाड कुठाय?"

म्हटलं, "कसलं झाड?"

"फाट्यावरचं मोठं झाड हो. झाडाशी वळायचं की नाही? कुत्री कुठे आहेत? नूडलवाली कुठे आहे? असल्या नकाशावर आमचा माणूस चौकशीला आला तर जाईल कंबोडियाला! घर सापडायला पाहिजे ना, काका!"

आणि पुढचा नंबर!

घरी आलो, तर प्रानी पायरीवर पपया किसत बसलेली. घर आता तिच्या नावावर आहे, फरांगाच्या नावावर जमीन होत नाही ना, पण बाई दिलाची मोठी, पहिल्याच दिवशी म्हणाली, "दाजी, मरेपर्यंत राहा, फक्त माझ्या कोंबड्यांना बिस्किटं घालू नका." तिला सांगितलं नकाशाचं. चूक झाली! तिनं सरपंचाला सांगितलं. आणि आमचे सरपंच थावी, त्यांच्या हातात गावचा भोंगा! सकाळी सहाला, कोंबड्यांच्या आधी, अख्ख्या गावात आवाज: "ग्रामस्थ हो, नमस्कार! आज दुपारी डासांचं औषध फवारतील, भांडी झाका. तसंच आपल्या फरांग काकांचा नकाशा नापास झालेला आहे, तरी सर्वांनी सहकार्य करावं!"

सहकार्य! आठ वाजता माझ्या ओट्यावर एकवीस माणसं! आणि निवडणूक तोंडावर, बरं का. थावी एकीकडून उभे आणि समोर कोण, तर सामली मावशी, तीच ती चौकात केळी तळणारी. आता मला मत नाही, सतरा वर्षांत कुणी माझ्या दारात प्रचारपत्रक टाकलं नाही, कुत्र्याला विचारतील पण मला विचारणार नाहीत... आणि एकदम मी राजकारणाच्या मध्यभागी! थावी म्हणतात, "काका, माझं घर जरा मोठं काढा, सरकारी कागदावर जाणार आहे." सामली मावशी कढई तशीच टाकून आल्या: "मोठं काढा? ह्यांचं घर रस्त्यात तरी येतं का? माणूस माझ्या केळ्यांशी वळतो! तीस वर्षं वळतो!" थावी म्हणतात, "तुमची गाडी अतिक्रमणात आहे." झालं! तिकडून आवाज, "अतिक्रमण काढता? मग देवळाच्या जत्रेचा हिशोब काढू का?" एकवीस माणसांचे दोन पक्ष पडले, मध्ये मी, हातात पेन्सिल! शेवटी दोन्ही घरं सारखी काढली, मोजून सारखी, तरी दोघंही रुसून गेले.

त्या गर्दीत मला एक मात्र समजलं, आणि सांगतो, ते समजलं नसतं तर बरं झालं असतं. ज्याला विचारावं तो म्हणायचा, "ते वळण नाही का, जिथं प्रनोम सायकलवरून पडली होती?" "ती विहीर, प्रनोमच्या मैत्रिणीची." सगळ्या खुणा तिच्या! मी ह्या गावात सतरा वर्षं तिच्या मागे चालत आलो होतो हो, रस्ता बघितलाच नव्हता कधी. कशाला बघायचा? पुढे ती होती ना.

बुधवारी दुसरा नकाशा घेऊन गेलो. झाडं, कुत्री, केळी, सरपंच, सगळं हजर! ओरवन मॅडमनी बघितला. "काका, हे काय? गावातली अठ्ठेचाळीस घरं आहेत. तुमचं कुठाय?"

बघतो तर खरंच. सगळं गाव काढलं होतं, माझं घरच काढायचं राहिलं होतं.

आता तुम्ही हसाल. हसा! तिथं रांगेतला जर्मनसुद्धा हसला. पण मला काही हसू येईना, मी खुर्चीवर बसून राहिलो, आणि बारा वाजले, जेवणाची सुट्टी, खिडकीवर पाटी, सगळे गेले, मी आपला बसलेला. मग मॅडम डबा हातात घेऊन बाहेर आल्या, माझ्याकडे बघितलं, परत आत गेल्या आणि एक फाईल घेऊन आल्या. जाडजूड. "काका, हे जुने बघा. ह्यावरून काढा."

तुम्हाला सांगतो, पंधरा नकाशे! लग्न झाल्यापासूनच्या पंधरा वर्षांचे! सगळे प्रनोमच्या हातचे. पहिल्यात आंब्याचं रोप, दर वर्षी वाढत वाढत गेलेलं. आमचं पहिलं कुत्रं, मग त्याच्या जागी फूल, मग दुसरं कुत्रं. दारापुढे बाकडं, बाकड्यावर दोन माणसं, एक ती आणि एक लांब नाकाचा! दर वर्षी नाक थोडं लांब! आणि मी मागे उभा राहून जर्मनाशी भांडत होतो हो... पंधरा वर्षं! एकदाही वाकून बघितलं नाही!

शेवटच्या नकाशात, मागच्या वर्षीच्या, बाकड्यावर एकटा लांब नाकाचा. आणि कोपऱ्यात थाई अक्षरात दोन ओळी. मी थाई बोलतो फडाफडा, भांडतोसुद्धा, पण वाचता येत नाही. सतरा वर्षांत शिकलो नाही. कशाला शिकायचं? ती होती ना! म्हटलं, "मॅडम, पत्ता लिहिलाय का?"

मॅडमनी वाचलं. मग डबा बाजूला ठेवला. मग परत वाचलं, मोठ्यानं. "हा माणूस माझा आहे. ह्याला रस्ते कळत नाहीत. मी बरोबर नसताना चुकलेला दिसला तर रागावू नका, कृपया ह्या घरी आणून सोडा."

मागच्या वर्षी तिला माहीत होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं होतं तिला. मला नव्हतं माहीत. त्या दिवशी घरी जाताना तिनं मला आइस्क्रीम खाऊ घातलं होतं आणि मी सगळ्या वाटेनं त्या जर्मनाच्या नावानं बोटं मोडत होतो.

रडलो. लपवायचं काय त्यात? सरकारी कचेरीत, पंख्याखाली, भोकाड पसरून रडलो. ओरवन मॅडमनी डोळे पुसले, नाक पुसलं, टोपी नीट केली आणि म्हणाल्या... काय म्हणाल्या असतील? "पण काका, हा मागच्या वर्षीचा. नवा लागेल. हाताने काढलेला."

काढला! तिथंच बसून काढला, तिचा समोर ठेवून. झाड, कुत्री, केळी, आंबा, घर, बाकडं. बाकड्यावर दोन माणसं काढली. मॅडमचं बोट त्या दोघांवर येऊन थांबलं. "काका, अर्जात राहणाऱ्या व्यक्ती एक लिहिलंय." मी पेन्सिलीचं रबर कागदावर टेकवलं. मला खोडताच येईना. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि धाडकन शिक्का मारला, बाकड्यापासून जरा लांब. एक वर्ष मंजूर! म्हातारा म्हणून!

मी निघालो, तर म्हणतात, "थांबा. हवालदार सोमकित! काकांना घरी सोडून या."

म्हटलं, "अहो, वडापची गाडी आहे ना, मी जाईन!"

"असं कसं? अर्जदाराच्या पत्नीची लेखी विनंती आहे, फाईलला लागलेली आहे. कार्यवाही करायलाच पाहिजे."

मग काय, सुटल्या पोटाचे ते सोमकित, निवृत्तीला आलेले, त्यांच्या मोटारसायकलवर मागे मी, आणि त्यांच्या खिशात माझा नकाशा, मॅडमनी प्रत काढून दिलेली, दोन्ही बाजूंना सही, निळी शाई! झाडाशी वळले, कुत्री भुंकली, सामली मावशींच्या केळ्यांशी वळले, कुणाला म्हणून विचारलं नाही पठ्ठ्यानं! थेट आंब्याखाली गाडी उभी. खूश झाले एकदम! "वा काका, काय नकाशा आहे! फर्स्ट क्लास!" आणि आपली सवय हो माणसाची, फाटकातूनच हाक मारली, "आहे का कोणी घरात?"

कुत्रं आलं. प्रानीच्या कोंबड्या आल्या. सोमकितनी माझ्याकडे बघितलं, टोपी काढली, परत घातली, आणि गेले बिचारे. मी बाकड्यावर बसलो, माझ्या नेहमीच्या बाजूला.

तर पुढच्या वर्षी परत काढायचाय. काढीन, आता हात बसलाय. आणि त्या मॅडमना सांगणार आहे, की बाई, तुम्ही उगीच काळजी करता. घर सापडतं हो. घर अगदी लगेच सापडतं.