ताडोब्याला नेलेले दगड

ताडोब्याला जाताना काय न्यावं, विचारता? तिथं नुकतंच राष्ट्रीय उद्यान झालं होतं, तेव्हा आम्ही बल्लारपूरहून गेलो. बाबांनी होल्डॉल, स्टोव्ह, चिवड्याचा डबा, सगळं बांधलं. आमचा वाटाड्या सोमाभाऊ म्हणाला, "एकेक गोटाबी घ्या." कशाला, ते बाबांनी विचारलं नाही, त्यांना सगळं ठाऊकच असायचं. त्यांनी नारळाएवढे दगड निवडले. दोन मैल आम्ही ते छातीशी धरून चाललो.

मग शेंदूर फासलेल्या लाकडी वाघासमोर सोमाभाऊनं सुपारीएवढा खडा ठेवला, हात जोडले आणि आमच्याकडे वळून पाहिलं.

"एवढे मोठे काऊन आणले?"

"वाघ आला तर मारायला!" बाबा म्हणाले.

"हळू बोला, भाऊ. त्याच्याच दारात उभे आहो आपण."

बाबांनी दगड ठेवला. वर चिवड्याचा डबाही ठेवला.