गंगासागर मॅडमची वही आणि माझा थर्माकोलचा किल्ला

...आन् वरून स्टाफरूममधले मलाच म्हणतात, सर, मनाला लावून घेऊ नका. मी कुठं लावून घेतलंय? दोन दिवस जेवलो न्हाई ते पित्तामुळं.

तुमाला सांगतो, मी बीडचा. रोज सकाळी सातची एसटी धरतो, नेकनूरच्या पुढं आमची शाळा, तिथं नववीला इतिहास शिकवतो. आठवीला गंगासागर मॅडम शिकवतात. आता जिल्ह्याला इतिहास प्रकल्पाची स्पर्धा असती, तिला शाळेतून एकच प्रकल्प जातो. मागच्या साली कुणाचा गेलता? मॅडमचा. त्याच्या आदल्या साली? मॅडमचाच. निवड झाली का शाळा सर्टिफिकेट देती, त्यावर लेकराच्या नावाखाली एक ओळ असती, 'मार्गदर्शक शिक्षक', अन् ती दोन्ही सर्टिफिकेटं फ्रेम करून हेडमास्तर मोहनराव सरांच्या खोलीत टांगलीत, कुठं? जिथं मस्टर ठेवतात त्याच्या बरोबर वर! म्हणजे मी रोज सही करायची आन् रोज वर बघायचं. होऊ दे. चांगलंच होऊ दे त्यांचं. पण ती ओळ मला एकदा, फक्त एकदा पाहिजे होती हो.

म्हणून औंदा ठरवलं, धारूरचा किल्ला करायचा. थर्माकोलचा. पाच फूट बाय चार फूट, बुरूज, तट, दरवाजा, खंदकात निळी जिलेटिनची कागदं. प्रकल्प रविराजच्या नावावर, नववीतलं पोरगं, मोजून तीन शब्द बोलणारं. तीन आठवडे मधली सुट्टी पाहिली न्हाई मी! कटर लागून बोटं कापली, फेविकॉलनं शर्टाची बाही ताठ झाली, घरी आई विचारायली का, तू मास्तर हाइस का सुतार. रविराज काय करायचा? धरायचा. मी म्हणलं धर, का धरायचा.

आन् मॅडम? खुर्चीवर निवांत! त्यांनी आठवीतल्या प्रियदर्शनीला एक दोनशे पानी वही दिली आन् सांगितलं का, गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडं जा, प्रत्येकाच्या रानाला काय नाव हाय ते विचार, अन् ते नाव कावून पडलं ते लिहून आण. झालं. हा प्रकल्प! ना थर्माकोल, ना लायटिंग. मी स्टाफरूममध्ये लई हसलो, मनातल्या मनात. वरून ह्या बाईचा सोज्वळपणा बघा, एक दिवस माझ्यापाशी आल्या आन् त्या गोड आवाजात, "मृत्युंजय सर, एकटेच करताय, काही चिटकवू लागू का?" अशानं माणसाला जास्ती त्रास होतो का न्हाई? भांडली असती तर बरं वाटलं असतं. होऊ दे, चांगलंच होऊ दे त्यांचं.

बरं, शाळेतल्या निवडीच्या आदल्या दिवशी दुपारी फक्त रंग राहिलता. ब्रशनं कोण देत बसतं... म्हणलं आपण शहरातले, गॅरेजमध्ये मोटारसायकलच्या टाकीला मारतात तो स्प्रे आणू, दगडासारखा करडा. आणला. मारला. पाच मिनिटं काय दिसलाय किल्ला! मग चर्र चर्र असा आवाज यायला लागला. मला वाटलं पाल हाय. बघतो तर बुरूज बसायलाय. अहो त्या स्प्रेनं थर्माकोल विरघळतो हे मला बीएडला कुणी शिकवलं न्हाई! तटाला हे एवढाले भोकं, दरवाजा खाली, खंदक वर. रविराज नुसता बघतोय. म्हणलं, बघतो काय बे, धर! तर म्हणतो, "काय धरू सर?"

दुसऱ्या दिवशी परीक्षक म्हणून केंद्रप्रमुख भगवानराव साहेब आले. मी तो सापळा चादरीखाली झाकून ठेवलता. साहेबांनी चादर काढली. मग चष्मा वर करून म्हणाले, वा! पडझड काय हुबेहूब दाखवलीय, आजची अवस्था न्हाई का? मी म्हणलं, हो साहेब, तेच दाखवायचं होतं, वारसा, जतन, जनजागृती! तोंडाला येईल ते बोललो. साहेब मान डोलवायलेत, मॅडमच टाळ्या वाजवायल्यात. तुमाला खरं सांगतो, ती ओळ माझ्या डोळ्यापुढं आली. मार्गदर्शक शिक्षक, मृत्युंजय.

तेवढ्यात साहेबांनी रविराजच्या पाठीवर हात ठेवला. हे कसं केलंस बाळा?

तीन शब्द बोलणारं पोरगं, त्या दिवशीच त्याला कंठ फुटावा? "मी न्हाई केलं. सरांनी केलं. मी धरलतं."

किल्ला पाहिलास का कधी?

"न्हाई. सरांनीबी न्हाई पाहिला."

आता हे त्याला कुणी विचारलतं का?

मग साहेब वहीकडं गेले. प्रियदर्शनी बोलायला लागली. हे घोडतळ, निजामाच्या टायमाला इथं घोडे पाण्याला थांबायचे, भिवराबाईंनी सांगितलं. हे चोळीबांगडीचं रान, लेकीला दिलेलं, म्हणून अजून तिच्याच वंशाकडं. हा भांडणाचा पट्टा, दोघा भावांनी अकरा साल पडीक ठेवला. साहेब उभे होते ते बाकावर बसले. हळूच म्हणाले, आमच्या रानात एका तुकड्याला म्हाळूचं म्हणतात, म्हाळू कोण होता कुणालाच ठाव न्हाई. प्रियदर्शनी म्हणली, तुमच्या गावात सगळ्यात म्हातारं कोण हाय सर, त्यांना आजच विचारा. साहेबांनी तिथंच फोन लावला हो घरी! सगळी शाळा त्या वहीभोवती. अन् मी किल्ल्यापाशी एकटा. खोटं कशाला बोलू, माझ्याबी मनात आलं, आमच्या आजोबाच्या रानाला काय म्हणत असतील? मला गट नंबर तेवढा पाठ हाय. आन् रविराज कुठं होता? वहीपाशी! त्याच्या आज्ज्याच्या रानाचं नाव त्यानंच तर दिलतं तिला, पान चौदा.

निकाल काय सांगायचा. होऊ दे. चांगलंच होऊ दे त्यांचं.

संध्याकाळी एसटीला निघालो तर मोहनराव सरांनी बोलावलं. हातात कोरं सर्टिफिकेट. म्हणले, मृत्युंजय सर, शाळेत तुमच्यासारखं अक्षर कुणाचंच न्हाई, एवढं भरून द्या. बसलो. प्रियदर्शनीचं नाव लिहिलं. मग ती ओळ आली. लई वाटलं, तिरकं लिहावं, एक डाग पाडावा, काय कळतंय कुणाला... पण हात ऐकंल तर ना! 'गंगासागर'मधल्या तिन्ही 'ग'ला अशी काय गोलाई आली, जन्मात आली नव्हती. तेवढ्यात मॅडम आत आल्या, त्यांनी बघितलं आन् त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणल्या, सर, आधीच्या दोन्हीपेक्षा हेच सुंदर झालंय.

काय बोलता आता? घरातलं अक्षर, तेबी फितूर.