निदान एक तरी वाचक घाबरावा!

…आणि वर म्हणतात, "पुस्तक चांगलंय, पण…" अहो, पण काय? तुम्हाला सांगतो, जगातला सगळ्यात वाईट शब्द म्हणजे हा 'पण'! शिवी परवडली. शिवी देणारा एकदा देऊन मोकळा होतो. हा 'पण' आला की तुम्ही गरम पाण्याच्या टाक्यात गळ्यापर्यंत बुडालेले, अंगावर नुसती चड्डी, डोक्यावर बर्फ पडतोय, पळावं तर कपडे आत खुंटीला… आणि समोर अख्खं सेलवीक गाव टीकाकार होऊन बसलेलं!

आमच्याकडे साहित्यचर्चा होते ती पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम टाक्यात. सकाळी पाद्री तिथे, बँकेतली बाई तिथे, बोटवाले तिथे. चड्डीवर सगळे सारखे, आणि सारखे झाले की प्रत्येकाला मतं फुटतात!

तर मी, म्हणजे इंद्रिदी, मी एक पुस्तक लिहिलं. आता आइसलँडमध्ये लिहीत कोण नाही? ज्याने लिहिलं नाही त्याला लोक विचारतात, "तब्येत बरी आहे ना?" मी विमानतळावर असतो. विमानतळ म्हणजे काय हो, फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये घुसलेल्या खाडीच्या काठाला एक धावपट्टी, एक खोली, एक रेडिओ आणि एक मी. विमान आलं की वैमानिकाला वारा सांगायचा, नाही आलं की लोकांच्या शिव्या खायच्या. हिवाळ्यात शिव्याच जास्त. तेव्हा बसल्या बसल्या लिहिली कादंबरी, 'धावपट्टी दिसत नाही'. आता बघा हं… वादळ! बर्फ! दोन्हीकडे डोंगर, मधल्या चिंचोळ्या फ्योर्डमध्ये शिरलेलं विमान, डावं इंजिन बंद, वैमानिक बेशुद्ध, इंधन संपत आलेलं, आणि टपालाच्या पोत्यात काहीतरी टिकटिकतंय! आणखी काय करायचं माणसाने? घरोघरी जाऊन वाचकाचा गळा धरायचा?

आणि मला काय हवं होतं? पैसा नको, बक्षीस नको, पुतळा तर नकोच, पुतळ्यावर समुद्रपक्षी बसतात. एकच हवं होतं. कुणीतरी एकाने, गावातल्या एकाने तरी येऊन म्हणावं, "इंद्रिदी, लेका, घाबरलो रे!" बस. एक माणूस. जास्त मागितलं का?

नाताळ आला. त्या संध्याकाळी पुस्तकं वाटायची, चॉकलेट तोंडात टाकायचं आणि सकाळपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, ही आमची रीत. त्यात लेखक गावचाच, म्हणजे घरटी एक प्रत! मी खिडकीतून बघतोय, सगळीकडे दिवे. हालबेराला म्हटलं… हालबेरा म्हणजे आमची बायको… म्हटलं, "बघ, गाव कसं जीव मुठीत धरून बसलंय." ती म्हणते, "गाव चॉकलेट खातंय. खिडकी लाव, थंडी येते."

सण सरला, तलाव उघडला, मी टाक्यात उतरलो. पहिले ऑगमुंदुर. जन्म बोटीवर गेलेला म्हातारा, भुवया बघूनच मासे जाळ्यात शिरत असतील. म्हणाले, "पुस्तक चांगलंय इंद्रिदी, पण वारा चुकलाय."

"कसला वारा?"

"फेब्रुवारीत आपल्याकडे ईशान्येचा वारा असतो. तू नैर्ऋत्येचा घातलास. तिथेच माझं मन उडालं."

"अहो ऑगमुंदुर, विमान कोसळतंय तिथे!"

"कोसळू दे की. पण ईशान्येच्या वाऱ्यात कोसळू दे!"

तेवढ्यात बेर्गल्योत सरकत सरकत आली. हिच्या सुयांमधून गावातला एकही गळा सुटलेला नाही, सगळ्यांचे स्वेटर हिचेच. "पुस्तक चांगलंय हो, पण ती सहवैमानिक पोरगी सुरुवातीला स्वेटर डोक्यातून घालते, आणि शेवटी गुदमरायला लागल्यावर बटणं सोडते. बटणं आली कुठून?"

"अगं, ती घाबरलेली असते…"

"घाबरल्यावर बटणं येतात?"

हसले ना सगळे! पाद्रीबाबा तर इतके हसले की नाकात पाणी गेलं. मग खोकला आवरून तेही सुरू. "पुस्तक चांगलंय, पण त्यातला पाद्री आधी ओकतो आणि मग प्रार्थना करतो, हे काही बरोबर नाही. क्रम बदल." मग जरा जवळ येऊन, हळूच, "तो मीच ना?" म्हटलं, नाही हो, तो दुसराच. तर चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं! शेवटी म्हटलं, बरं, टक्कल तुमचं आहे. खूश.

आणि बँकेतली बाई? तिने कहर केला. म्हणे, "मी बाई शेवटचं पान आधी वाचलं. कोण मरतंय कोण वाचतंय ते एकदा बघून घेतलं की मग कसं निवांत वाचता येतं." निवांत! मी तिथे रक्त आटवून इंधन संपवतोय, आणि ही पाय पसरून निवांत!

घरी आलो, हालबेराला विचारलं, खरं सांग, तुला काय वाटलं? तर म्हणते, "छान आहे रे. पण ते टिकटिक, टिकटिक वाचता वाचता इतका गोड डोळा लागला ना…" अंगाई! माझा बॉम्ब, आणि अंगाई! "वाईट वाटून घेऊ नकोस," म्हणते, "आम्हाला वाचताना तुझा आवाज ऐकू येतो. आता तुझ्या आवाजाला कोण घाबरणार?"

तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मी हात टेकले. खरंच फार लागलं मनाला. दोन दिवस टाक्यातसुद्धा गेलो नाही.

अशात राजधानीतून फोन. टीव्हीवरची थोर्दिस! म्हणे, विमानतळावरच्या माणसाने विमानाची कादंबरी लिहिली, आम्ही कॅमेरा घेऊन येतो, धावपट्टीवरच मुलाखत घेऊ. झालं! अख्खं गाव धावपट्टीवर. बेर्गल्योत मुद्दाम बटणांचा स्वेटर घेऊन आली, मी तो कॅमेऱ्यासमोर घालावा म्हणून. ऑगमुंदुर वाऱ्याबद्दल दोन शब्द बोलणार होते, पाठ करून आलेले. पाद्रीबाबांनी टक्कल पुसलेलं.

आणि विमान घेऊन येतोय कोण? कोलबेन. हा कोलबेन म्हणजे काय माणूस सांगू! आमच्या फ्योर्डमध्ये विमान डोंगराला असं चिकटून वळतं की खिडकीतून मेंढ्यांचे दात दिसतात. परगावचे लोक डोळे मिटून देवाला हाका मारतात, आणि हा शिट्टी वाजवत उतरतो. निधडी छाती! हवा तर त्या दिवशी इतकी स्वच्छ, की मी रेडिओवर रोजचं सगळं सांगून टाकलं, "वारा ईशान्येचा, मंद. डोंगराचा माथा दिसतोय. धावपट्टी मोकळी, कॉफी गरम." हे शेवटचं माझं आपलं, सवयीचं. येणाऱ्याला जरा बरं वाटतं.

तर कोलबेनचा आवाज, एकदम बारीक. "काय म्हणालास?"

"धावपट्टी मोकळी, कॉफी गरम."

"इंद्रिदी… असं नको ना म्हणू."

"का रे? रोज म्हणतो की."

"नवव्या प्रकरणात असंच म्हणालास. पुढच्याच ओळीत डावं इंजिन बंद पडतं!"

आता मी लेखक झालो तरी मला दुसरी माणसं आणि दुसरी वाक्यं मिळणार कुठून? विमानतळावरचा माणूस लिहायचा होता, मी माझीच वाक्यं उचलून घातली! "कोलबेन, अरे, ते पुस्तक आहे!"

"ठाऊक आहे. पुस्तक चांगलंय. पण टपालाच्या पोत्यात काय आहे?"

"टपाल!"

"तू उघडून बघितलंस?"

"पोतं तुझ्याकडे आहे, मी कसं बघू?"

"मग नाहीच माहीत ना तुला! मी नाही उतरत. तळहाताला घाम सुटलाय, दांडा निसटतोय हातातून. आणि हे बघ… खाली कुणाला सांगू नकोस. शपथ आहे तुला."

आणि फिरवलं की हो विमान! तुम्हाला सांगतो, खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर आनंदाने काटा आला. घाबरला! कोलबेन घाबरला! मेंढ्यांचे दात मोजणारा कोलबेन माझ्या नवव्या प्रकरणाला घाबरला! खोलीचं दार लावून मी नाचलो. मग खिडकीतून बघितलं, तर माझी मुलाखत शेपूट दाखवत डोंगराआड चाललेली.

बाहेर आलो तर गाव अंगावर. "का गेला? का गेला?" शपथ घातलेली. म्हटलं, "वारा फिरला."

ऑगमुंदुरनी बोट ओलं करून वर धरलं. "कुठे फिरला? ईशान्येचाच आहे!" मग सगळ्यांकडे वळून म्हणतात कसे, "बघा, याला पुस्तकातला वारा कळत नाही, आणि बाहेरचाही कळत नाही."

दुसऱ्या दिवशी परत तेच विमान, तोच कोलबेन. मी रेडिओवर एवढंच म्हटलं, "ये बाबा." उतरला, अगदी अलगद. थोर्दिस उतरली, कॅमेरा लागला, गाव मागे उभं, आणि बाईने पहिलाच प्रश्न विचारला, "इंद्रिदी, इतकी थरारक कादंबरी! वाचून खरोखर कुणी घाबरलं का हो?"

अहो, याच प्रश्नासाठी तर जन्म घेतला होता मी! तोंड उघडलं… आणि कॅमेऱ्यामागे कोलबेन. टोपी हातात, चेहरा पांढरा, हात जोडलेले. आता टीव्हीवर सांगू का, की वैमानिक कादंबरी वाचून घाबरतो? उद्या कोण बसेल त्याच्या विमानात? त्याची नोकरी जाईल, पोरंबाळं आहेत. त्यातून आमच्या फ्योर्डमध्ये उतरणारा दुसरा आणायचा कुठून?

उभ्या आयुष्यात एक वाचक घाबरला, एकच! आणि मी बटणांच्या स्वेटरमध्ये उभा राहून सगळ्या देशाला सांगितलं, "छे हो! आमच्या गावात कोण घाबरतंय?"