रानातल्या टोपल्या

(अंगण. मोजणीवाली यंत्र घेऊन फुलांच्या वाफ्याशी वाकलेली, काकू पायरीवर.)

मोजणीवाली: पायरीपाशी ठीक आहे काकू, पन्हाळीखालीही. वाफ्यातच आकडा चढतोय.

काकू: आधी यंत्राची तब्येत बघ. गेल्या वर्षी तूच म्हणालीस, अंगण स्वच्छ झालं म्हणून.

मोजणीवाली: झालंच होतं. चार बोटं माती खरवडून नेली होती. ही काळीभोर माती कुठली?

काकू: रानातली गं, पाचोळ्याखालची. खरवडलेल्या जमिनीत काही रुजेना. म्हणून रोज एक टोपली आणली. सासूबाईही तिथूनच आणायच्या.

मोजणीवाली: काकू, अणुभट्टी फुटली तेव्हा जे उडालं, ते झाडांवर बसलं. पानं गळली, तसं खाली उतरलं. गाव धुतलं आम्ही. रान कोण धुणार?

काकू: नऊ वर्षं झाली. मला वाटलं, एवढ्या पावसांत वाहून गेलं असेल.

मोजणीवाली: तीस वर्षांनी अर्धं होतं ते.

काकू: अर्धंच?

मोजणीवाली: अर्धंच.

काकू: आणि मी ते कडेवर घेऊन घरी आणलं. लेकराला आणावं तसं.

मोजणीवाली: तुम्हाला काय माहीत होतं?

काकू: नातीसाठी केलं सगळं. फोनवर फुलं बघते आणि विचारते, आजी, पिवळं माझं ना? चार वर्षांची झाली, या उंबऱ्यात पाऊल नाही तिचं. मीच जाते तिकडे, पाहुणीसारखी. लेक म्हणालीय, यंदाही अंगण स्वच्छ असल्याचा तुझा दाखला मिळाला की रविवारी घेऊन येते.

मोजणीवाली: हं.

काकू: गेल्या वर्षीचा आकडा असेल ना तुझ्या वहीत?

मोजणीवाली: आहे.

काकू: तोच उतरवलास तर? कोण बघतंय?

मोजणीवाली: कुणीच नाही. एवढं सांगा, ती आली की आधी काय करेल?

काकू: काय करणार? पळत वाफ्याशी जाईल. मातीत हात घालेल.

मोजणीवाली: मग?

काकू: मग तोच अंगठा तोंडात. सवय आहे मेलीला.

(मोजणीवाली वही उघडते.)

काकू: खरा आकडा लिही, बाई.

मोजणीवाली: माती उचलायला माणसं येतील. नंबर लागायला वर्ष-दीड वर्ष जाईल.

काकू: फुलंही नेतील?

मोजणीवाली: मुळासकट.

काकू: पिवळं आजच उमललंय. बरं, लेकीला तूच कळव. माझा आवाज धड निघायचा नाही.

मोजणीवाली: काय सांगू?

काकू: सांग, आजीचं अंगण झाडायचं राहिलंय अजून.