मुठीतली गाठ

वहिनी: झाडाला हात नका लावू, वन्सं. चीक लागला की कपड्याचा डाग जात नाही.

नणंद: चीकच बघायचाय मला. पांढरा आहे ना?

वहिनी: दुधासारखा. पण त्या दुधाचा उपयोग काय? ना धड फूल, ना फळ. शेजारी म्हणतात, अंजिराचा कुणीतरी भाऊबंद. टपालवाला म्हणतो, रानटी काहीतरी. मी आपली ‘बिनकाम्या’ म्हणते. उद्या लाकूडतोड्या येतोय, त्याच्या कुऱ्हाडीलाच विचारा आता.

नणंद: आणि दादा काय म्हणायचा?

वहिनी: विचारलं की नुसते हसायचे. “ओळख पाहू!” म्हणायचे. शेवटपर्यंत सांगितलं नाही. एवढं मात्र बजावलं होतं, “धाकटीला दाखवल्याशिवाय याला हत्यार लावू नकोस.” म्हणून फोन केला. नाहीतर तुम्ही कुठल्या येताय!

नणंद: टोमणा पोचला.

वहिनी: पोचवायलाच मारला.

नणंद: बरं, ही दोन पानं बघ. एकाच फांदीची आहेत. हे सबंध, आणि हे कातरलेलं, हातमोज्यासारखं.

वहिनी: कायम तसंच असतं. मला वाटायचं, अळ्या खातात.

नणंद: अळ्या असं मापात खात नाहीत. वसंतात काय येतं याला?

वहिनी: हिरवट तुरे. सुरवंटासारखे लोंबतात, दोरीवरच्या ओल्या कपड्यांवर पिवळी धूळ उडवतात आणि गळून जातात. मग वर्षभर काही नाही.

नणंद: तुती आहे ही.

वहिनी: काहीतरीच! तुतीला फळं येतात, तेवढं मलाही कळतं. लहानपणी जांभळी तोंडं करून हिंडायचो आम्ही.

नणंद: ते मादीचं झाड. हा नर आहे. तुरे काढायचे, धूळ उडवायची, की झालं याचं काम.

वहिनी: मग बरोबर. एक घरात होताच, दुसरा परसात आणून लावला.

नणंद: वहिनी!

वहिनी: हसा, हसा. फार दिवसांनी कुणीतरी हसलंय इथे.

नणंद: ही फांदी मोडलीय तिथे बघ, आतून कशी पिवळीधमक आहे. उन्हात तपकिरी होते मग. तुतीच. कशी गं मोडली?

वहिनी: वादळात. शेजारच्यांच्या पत्र्यावर पडली. भली माणसं, भांडली नाहीत. पण झाड कलतंय त्यांच्याकडेच, आणि त्या पत्र्याखाली त्यांचं तान्हं झोपतं. पुढच्या वादळात सगळंच गेलं तर? माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. म्हणून तोडायचं. हौस नाही मला.

नणंद: खरंय. तोडायलाच हवं... थांब. हे खोड असं कुणी ठेवलं? माझ्या डोक्याच्या वरपर्यंत फांदी नाही. तुती अशी वाढत नाही, तिच्या नेहमी झिंज्या पिंजारलेल्या असतात.

वहिनी: ते दर वसंतात कोंब खुडायचे ना, खोडावरचे. असे, अंगठ्यानं. एक कोंब, की एकदा देवाचं नाव. मी म्हटलं, हा कसला जप? तर म्हणाले, “त्याला दुखत असेल. आपण निदान नाव तरी घ्यावं.”

नणंद: आणि तो गेल्यावर?

वहिनी: मग मी. स्टुलावर चढून. मला वाटायचं, खिडकीत उजेड यावा म्हणून करतात. त्यांचं चाललेलं मोडायचं नाही, एवढंच. कोंब खुडते, नाव घेते. का हो? खोडावरून असा हात का फिरवताय?

नणंद: उजेडासाठी नव्हतं गं ते. धनुष्यासाठी होतं.

वहिनी: धनुष्य? या बिनकाम्याचं?

नणंद: मी धनुष्यं बनवायला लागले, कामाची खोली घेतली, तेव्हा दादा म्हणाला होता, “तुला असं लाकूड देईन, की कुठल्या वखारीत मिळायचं नाही.” पुढे कधी विषयच काढला नाही. मी समजले, विसरला. रागही धरला थोडा.

वहिनी: विसरणाऱ्यांतले नव्हते ते. सांगणाऱ्यांतलेही नव्हते.

नणंद: तुती वाकते आणि मुकाट्यानं परत जागेवर येते. धनुष्याला दुसरं काय हवं? फक्त गाठ नको. फांदी आली की गाठ आली, आणि गाठीपाशी धनुष्य मोडतं. म्हणून कोंब कोवळे असतानाच खुडायचे.

वहिनी: म्हणजे तोडायला म्हणूनच वाढवलं?

नणंद: हो.

वहिनी: मग नाही तोडू देणार मी.

नणंद: अगं, आत्ताच तर म्हणालीस...

वहिनी: आत्तापर्यंत तो बिनकाम्या होता! इतकी वर्षं ज्याला नाव घेत अंगठा लावला, त्याच्यावर कुऱ्हाड घालू? आणि नाही घातली, तर ते लेकरू. देवा, हे असलं कोडं मला कशाला घालतोस रे? मला सुचत नाही, वन्सं.

नणंद: बस इथे पायरीवर. तुती तोडली म्हणून मरत नाही. गुडघ्याएवढा खुंट ठेवू. वसंतात फुटेल.

वहिनी: माझं मन राखायला बोलताय.

नणंद: लाकडाबद्दल मी खोटं बोलत नाही. माणसांशी बोलते कधीकधी. ‘येईन येईन’ म्हणत आले नाही, ते तसलं. इथे आलं की तो नसलेला दिसतो गं.

वहिनी: मला रोज दिसतात. एकटीनं बघायचं ते दोघींनी बघितलं असतं.

नणंद: चुकलं माझं.

वहिनी: असू दे. आलात ना आता. आणि हे बघा, इथे मध्यावर एक फांदी होती. चालेल का ते?

नणंद: अरे देवा! ही कशी राहिली?

वहिनी: ते आजारी होते ते वर्ष. दवाखाना आणि घर, घर आणि दवाखाना. वसंत आला कधी, गेला कधी, कळलंच नाही. एक कोंब राहिला, त्याची फांदी झाली. फार नंतर मी करवतीनं कापली. बिघडवलं का मी सगळं?

नणंद: आतून कशी आहे, ते खोड फाडल्यावर कळेल. करवतीनं नाही चिरायचं, पाचर ठोकून फाडायचं. लाकडाची रेषा नेईल तिकडे जायचं. मग टोकांना मेण लावून सावलीत ठेवायचं, वाळेपर्यंत. घाई करायची नाही.

वहिनी: त्यांनी एवढं जपलं, आणि माझ्या एका वर्षापायी...

नणंद: वहिनी, गप. त्या वर्षी तू जे जपत होतीस, ते जास्त मोलाचं होतं.

वहिनी: उद्या थांबाल ना? पहिला घाव मी घालीन. नाव घेऊन. मग लाकूडतोड्याला काय करायचं ते करू दे.

(वर्ष उलटून पुन्हा वसंत. नणंदेच्या कामाच्या खोलीत. समोरच्या भिंतीशी भुशाची पोती रचलेली.)

वहिनी: हे आपलं झाड? किती काळवंडलं!

नणंद: पिवळेपणा टिकत नाही म्हटलं होतं ना. रोज थोडं वाकवायचं, पोटाकडून थोडं खरवडायचं, दोन्ही बाजू सारख्या वाकतायत का बघायचं. तेच करत होते इतके दिवस.

वहिनी: याला पोट असतं?

नणंद: पोट असतं, पाठही असते. धरणाऱ्याकडे असतं ते पोट, पलीकडची ती पाठ. पाठ म्हणजे सालीजवळचं लाकूड, शेवटच्या वर्षांचं. त्याच्या आधीची वर्षं पोटाकडे.

वहिनी: म्हणजे पोटात ह्यांची वर्षं आणि पाठीला माझी.

नणंद: तसंच म्हण. ओढताना पाठ ताणली जाते. तीच फाटायची भीती असते.

वहिनी: ते मला नका शिकवू... वन्सं, वर्षभर भीतीनं विचारलं नाही. ती गाठ?

नणंद: धर हे. हां, तिथेच. मूठ आवळ. अंगठ्याखाली काय लागतंय?

वहिनी: जरा फुगीर आहे. हीच का?

नणंद: हीच. धनुष्य सगळं वाकतं, मूठ तेवढी वाकत नाही. तिथे लाकूड जाड ठेवतात. मी माप वर सरकवलं, खाली सरकवलं, शेवटी गाठ बरोब्बर मुठीत आणली. आता ती कुणाचं काही बिघडवत नाही.

वहिनी: दवाखान्यात त्यांचा हात धरून बसायची ना, अंगठ्याचं हाड असंच लागायचं माझ्या तळव्याला... काही नाही. कुसळ गेलं डोळ्यात.

नणंद: इथे कुसळंच फार उडतात. माझ्याही गेलं. चल, हा बाण लाव, त्या मधल्या पोत्यावर नेम धर आणि ओढ.

वहिनी: मी? तुमच्यासाठी वाढवलं होतं ते!

नणंद: माझ्या हाताला बसत नाही. आठवतं, थंडीत तुझा हात दोरीनं मोजला होता?

वहिनी: स्वेटर विणते म्हणालात! मी वाट बघतेय स्वेटरची!

नणंद: हे बघ, झालाय. लाकडी. खांदा खाली घे. दोरी गालापर्यंत आण. घाबरू नको, मोडायचं असतं तर माझ्याच हातात मोडलं असतं. सोड!

वहिनी: अगंबाई! वाजलं काहीतरी!

नणंद: दोरी. सुरात आहे ना?

वहिनी: कुठे गेला बाण? लागला?

नणंद: पोत्याला लागला. शेजारच्या. डोळे मिटले होतेस का?

वहिनी: नाव घेत होते.

नणंद: पुढच्या वेळी उघड्या डोळ्यांनी घे. देव चालवून घेतो, बाण नाही घेत.

वहिनी: आणा दुसरा. आणि एक सांगायचंच राहिलं. खुंटाला फुटवे आलेत, मूठभर! शेजारचं पोर आता चालायला लागलंय, ते येतं नि खुडायला बघतं. मी म्हटलं, थांब रे बाबा, एक तरी ठेवायचाय. पण कुठला ठेवू?

नणंद: सगळ्यात सरळ असेल तो. बघून सांगावं लागेल.

वहिनी: मग या बघायला. पण ‘येईन येईन’ नको.

नणंद: लाकडाबद्दल बोलतेय, वहिनी. उद्या येते.