सात नंबरचा खांब

बसच्या रांगेत म्हातारबांच्या पुढे दोघी जावा उभ्या होत्या, एकाच शिवणकारखान्यात कामाला जाणाऱ्या. म्हातारबा मुद्दाम ऐकत नव्हते, पण कानांना झाकण थोडंच असतं!

थोरली म्हणाली, “भिंतीवरचा तो कॉम्प्युटरचा पडदा आधी बरा होता. चुकलेल्या शर्टांचा सगळ्यांचा मिळून आलेखाचा एकच खांब दिसायचा. आता खांबावर बोट ठेवलं की मशीनचा नंबर निघतो, नंबरावर ठेवलं की तास, तासावर ठेवलं की नाव.”

“चांगलंच आहे की, ताई. ज्याचं त्याला कळतं.”

“माझं मला कळलं. मंगळवार, अकराचा तास, माझं सात नंबरचं मशीन, एकोणीस कॉलर वाकड्या. सोमवारपासून मला मशीनवरून उठवणार आहेत.”

“पडदा खोटं कशाला बोलेल?”

“अकराला मी दवाखान्यात होते, साहेबांना न विचारता. मशीनकडे बघ म्हणून तुलाच सांगून गेले होते.”

“बघितलं की. कोणी बसलं नाही तिथं.”

“मग कॉलर काय भुतानं शिवल्या?”

“मला काय विचारता?”

“कोणता खांब कोणी उघडला, तेही पडदा लिहून ठेवतो. कॉम्प्युटरवाल्या बाईंनी दाखवलं मला. माझा तो एक तास तू सतरा वेळा उघडलास.”

“बघायची सगळ्यांनाच मुभा आहे.”

“सतरा वेळा, बाई?”

“आत कोणाचं नाव येतं, ते बघत होते.”

“कोणाचं आलं?”

“दरवेळी तुमचंच.”

बस आली. दोघींपैकी एकीनंही पाय उचलला नाही, आणि म्हातारबांनाही ‘पुढे व्हा’ म्हणवेना.