आरं-तुरं

धुरपदा : फरशी वली होती, व्यंकटी. भर दुपारचं कोण फरशी पुसतं रे? आपल्याला गेटातून येताना बघितलं आन पुसली.

व्यंकटी : पुसली तरी तुला शक, न पुसली तरी शक. आक्का, तू दवाखाना बघायला आलीस का झडती घ्यायला?

धुरपदा : झडतीच घ्यायला आले. माय माझीबी हाय.

व्यंकटी : हाय ना. मग जल्दी ठरव. जीपवाला कवाचा कुरकुर करायलाय, पाथरीच्या सवाऱ्या हुकायल्यात म्हणतो. आन मायला मागच्या सीटवर असं किती वेळ पडू द्यायचं? खुबा मोडलेली बाई हाय ती, कपाशीचं बोचकं न्हाई.

धुरपदा : झोपलीय का?

व्यंकटी : डोळे मिटून हाय. लिंबाची सावली हाय जीपवर. तू बोल. लोकांनी दोन नर्सिंग होम सांगितले, दोन्ही बघितले. सकाळचं ते बंगल्यातलं, आन आता हे पत्र्याचं. खर्च दोन्हीकडं सारखाच, ते माझं मी बघतो. मला बंगल्यातलं पसंत हाय.

धुरपदा : कामून?

व्यंकटी : कामून म्हंजे? धुतलेल्या पांढऱ्या चादरी. फिनेलचा वास. म्हाताऱ्या रांगेत निजलेल्या, एकीचा आवाज न्हाई. कशी शांत जागा!

धुरपदा : आपल्याकडं माणूस शांत झाला म्हंजे काय झालं, ठाऊक हाय न्हवं?

व्यंकटी : तोंडात तरी कसं येतं गं तुझ्या असलं?

धुरपदा : मला त्या शांतपणाचाच शक येतो. एवढ्या बाया भर दिवसा निजतात कशा? काय टोचतात का काय त्यांना? आन चादरीवर इस्तरीच्या घड्या होत्या. माणूस निजल्यावर चादरीला घडी ऱ्हाती व्हय? आपण जायच्या जरा आधी अंथरल्या असतील. बरं, कोपऱ्यातल्या म्हातारीला मी इचारलं, आजी, जेवलीस का? तर जवाब कोण देतंय? आया! "जेवल्या, जेवल्या, पोळी खाल्ली." म्हातारी नुसती आयाच्या तोंडाकडं बघायलीय.

व्यंकटी : बहिरी असंल.

धुरपदा : बहिरी? आयाच्या चपलेचा आवाज आला तसे तिनं पाय पोटाशी घेतले. कान चांगले हायत तिचे.

व्यंकटी : आन इथं काय केलंस तू? इथंबी आल्या आल्या बोंबललीसच की. "मारलंय हिला, दंडावर निळा वळ हाय!" सगळा वार्ड गोळा केलास. निघालं काय? गोंदण!

धुरपदा : उजेड कमी होता.

व्यंकटी : ती म्हातारी हसून हसून बेजार झाली. म्हणे, बाई, ही तुळस हाय, लग्नाच्या आधी गोंदलेली. आता बघितलीच हाईस तर पाणी घाल हिला.

धुरपदा : चुकले, बाबा, चुकले. पण हसली न्हवं ती? बंगल्यात कोण हसलं, सांग.

व्यंकटी : हसली, आन शिव्याबी दिल्या. काय घाण तोंड! आयाला यायला जरा उशीर झाला तर, "ए भवाने, कुठं उलथली होतीस? घसा वाळला माझा!" आन आयाबी तसलीच. "आले गं म्हातारे, मला काय पंख हायत का?" अशा बाईशेजारी आपली माय ठेवायची?

धुरपदा : आन पाणी?

व्यंकटी : काय पाणी?

धुरपदा : आणलं का न्हाई तिनं?

व्यंकटी : आणलं. मानेखाली हात घालून पाजलंबी. पण बोलायची काय रीत हाय का न्हाई?

धुरपदा : थांब. बंगल्यातल्या म्हातारीनं पाणी कसं मागितलं, ध्यानात हाय तुझ्या?

व्यंकटी : चांगलं मागितलं. "बाई, तुमाला सवड झाली तर घोटभर पाणी द्याल का जी?"

धुरपदा : कुणाला म्हणाली?

व्यंकटी : आयालाच.

धुरपदा : केवढी होती आया? नातीएवढी पोरगी. आपल्याकडली म्हातारी नातीएवढ्या पोरीला कधी तुमी म्हणती? जी लावती? अगं बाई! सकाळपासून मला काय टोचायलं होतं ते आत्ता कळलं. त्या बाया भितात, व्यंकटी. भ्याव वाटतंय म्हणून जी-जी करायल्यात. इथली म्हातारी बिनधास्त शिवी हाणती. तिला ठाऊक हाय, शिवी हाणली तरी पाणी येणार.

व्यंकटी : तुझं कायबी असतं. वयानं माणूस मवाळ होतं, बस. आपलीच माय बघ. केशरला दिवसभर घालूनपाडून बोलायची. गोठ्यात पडल्यापासून एक शब्द वाकडा न्हाई. केशर म्हणती, आत्याबाई लय गरीब झाल्यात.

धुरपदा : गरीब म्हंजे कशी?

व्यंकटी : गरीब म्हंजे गरीब. मागणं न्हाई, कुरकुर न्हाई. जे देऊ ते खाती.

धुरपदा : व्यंकटी, मला आता तुझाच शक यायलाय.

व्यंकटी : माझा? घे, आता माझी झडती घे! हौस हाय का मला तिला इथं टाकायची? दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक दारात येणार. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. केशर मायपाशी बसली तर कोयता मोडला, एकट्याला ऊसतोडीला कोण घेतं? परवाच येऊन ठरवणार होतो तर नामांतराचा बंद, एसट्या जागच्या जागी. लागलं तर तू ने तिला. सेलू काय दूर हाय? ने आजच.

धुरपदा : कसं न्हेऊ रे?

व्यंकटी : का? जीप हाय, माय हाय. बसव आन ने.

धुरपदा : तुझे दाजी म्हणाले, लेकीच्या घरी ऱ्हायची रीत न्हाई, लोक काय म्हणतील. सासूनं तर ताटच पुढं ढकललं. मी मोरीत जाऊन रडले, पण तोंडातून शब्द काढला न्हाई. भांडायला पाहिजे होतं मी. न्हाई भांडले.

व्यंकटी : मग मला एकट्याला बोलू नको.

धुरपदा : न्हाई बोलत. पण बंगल्यात न्हाई ठेवू देणार तिला. जीपपुढं आडवी पडेन.

व्यंकटी : आडवं पडायची गरज न्हाई. मायलाच इचारू. तिला ऱ्हायचंय, तीच सांगंल.

(व्यंकटी जीपचा मागचा पडदा वर करतो.)

व्यंकटी : माय, जागी हाईस का?

कस्तुराबाई : जागीच हाय जी.

व्यंकटी : दोन जागा बघितल्या आमी. सकाळचा तो बंगला, आन ही समोरची. तुला कुठं ऱ्हावं वाटतं?

कस्तुराबाई : तुमी म्हनाल तिथं, व्यंकटराव. तुमाला सोईचं पडंल तिथं.

धुरपदा : माय? कुणाला तुमी म्हणायलीस?

कस्तुराबाई : ह्यायलाच की.

धुरपदा : हा व्यंक्या हाय, माय. तुझा व्यंक्या. कवापासून म्हणायलीय रे ही असं?

व्यंकटी : पडल्यापासून. मला वाटलं, मान द्यायलीय. मी घर चालवायलोय म्हणून.

धुरपदा : आन केशरला?

व्यंकटी : केशरबाई म्हणती.

धुरपदा : दोन घरं तपासली आपण, व्यंकटी. तिसरं बघायचं ऱ्हाऊनच गेलं.

व्यंकटी : माय, खरं सांग. कुणी बोललं का तुला? केशर काय म्हणाली? मी काय म्हणालो?

कस्तुराबाई : कुनी न्हाई, कुनीच न्हाई. समदे देत्यात, समदे करत्यात. तुमी नका जिवाला लावून घेऊ. धुरपदाबाई, तुमीबी घरचं काम टाकून आलात. लय केलंत.

धुरपदा : अगं मला तरी नको गं! मी लेक हाय ना तुझी!

व्यंकटी : आक्का, पदर घे तोंडावर, लोक बघायल्यात. आन जीपवाल्याला सांग, थांब म्हणावं. मायला इथंच उतरवू.

धुरपदा : गोंदणवालीच्या शेजारची खाट खाली होती. मी आयाला बोलून येते. तू हिचा पाय सांभाळून धर, खुब्याला धक्का लागू देऊ नको.

व्यंकटी : धरतो. माय, माझ्या गळ्यात हात टाक. आन ऐक. मला व्यंक्या म्हण. पहिल्यासारखं मुडद्या म्हण, दोन शिव्या हाण. आरं-तुरं कर की गं मला.

कस्तुराबाई : बरं जी. तुमी म्हनता तर करते.